बिनतिकिटाची दिल्ली

दिल्लीला गेलेला मराठी माणूस प्रथम तिकिटाच्या खिडकीपाशी उभा राहतो. लाल किल्ला, कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर ही त्याची तीन धामे. ती पाहून झाली, एक दिवस आग्र्याला घातला, की दिल्ली पाहिली असे तो घरी येऊन सांगतो. तिकिटाचे पैसे फार पडतात अशी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका समजुतीबद्दल. जिथे सरकारने कुंपण घालून तिकीट लावले तिथला इतिहास खरा, आणि जिथे कुणीही केव्हाही आत शिरू शकतो तिथे केवळ मोकळी जागा, असे आपण धरून चालतो. दिल्लीपुरते बोलायचे तर हे साफ उलटे आहे. तिकिटाच्या दिल्लीत बादशहा भेटतात. आपण, म्हणजे मराठे, भेटतो ते बहुतेक बिनतिकिटाच्या दिल्लीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीस भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखाली तिथे संमेलन झाले होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी हा योग आला. ह्या वेळी अध्यक्षस्थानी ताराबाई भवाळकर होत्या. भाषणे, ठराव, ग्रंथदालने हे सारे यथासांग पार पडले. मी आणि आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर मात्र संमेलनानंतर चार दिवस मागे राहिलो. मास्तर हिशेबी गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला की जिथे तिकीट फाडावे लागेल तिथे जायचे नाही. मी आनंदाने मान डोलावली. मलाही एक हिशेब करायचा होता. १७३७ पासून १८०३ पर्यंत मराठे ह्या शहराशी कधी शत्रू म्हणून, कधी रखवालदार म्हणून, कधी धनी म्हणून वागले. एवढ्या वर्षांचे त्यांनी इथे मागे काय ठेवले?

हिशेबाची सुरुवात फार लांब जाऊन करावी लागली नाही. संमेलनाचा मंडप ज्या तालकटोरा स्टेडियममध्ये होता त्याला लागूनच तालकटोरा बाग आहे. फाटक उघडे, तिकीट नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे फुलांचे ताटवे असे फुलतात की माळ्याचे कौतुक करावे. बागेच्या जागी पूर्वी वाटीसारखा खोलगट तलाव होता. त्यावरून हे नाव पडले. मार्च १७३७ च्या शेवटच्या दिवसांत ह्याच परिसरात थोरल्या बाजीरावाचे घोडे उभे होते.

प्रसंग आपल्याला पाठ असतो, पण त्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. अंतर्वेदीत मल्हारराव होळकरांच्या तुकडीला अयोध्येच्या सादतखानाने मार दिला आणि मराठे चंबळेपार पळाले अशी बढाई बादशहाला लिहून पाठवली. बाजीरावाला ही बढाई खोटी पाडायची होती. मोगलांच्या मोठमोठ्या फौजा त्याला शोधत आग्र्याच्या बाजूला गोळा झाल्या असता तो मेवातच्या वाटेने त्यांना वळसा घालून थेट राजधानीपाशी येऊन ठाकला. कालिकेच्या देवळाजवळ तेव्हा यात्रा भरली होती. त्या यात्रेकरूंना आपल्या लोकांनी लुटले, हेही लपवण्यात अर्थ नाही. मग शहरातून आठ-एक हजारांची फौज बाहेर पडली, तिचा तालकटोऱ्याच्या आसपास मोड झाला, आणि मोगलांच्या मुख्य सेना परतत असल्याची बातमी लागताच बाजीराव आल्या वेगाने निघून गेला.

परंतु मला त्या लढाईपेक्षा त्यानंतरचे पत्र मोठे वाटते. चिमाजी अप्पांना लिहिलेल्या त्या पत्रात बाजीराव सांगतो की शहर जाळावे असे प्रथम मनात होते. मग विचार केला की दिल्ली थोर स्थळ आहे, ती जाळून हाती काही येणार नाही, उलट बोलणी कायमची तुटतील. म्हणून आग लावली नाही. दोनच वर्षांनी, १७३९ मध्ये, नादिरशहा आला. त्याने चांदणी चौकात एका दिवसात जी कत्तल केली ती जगाला माहीत आहे. न लावलेल्या आगीचे स्मारक कुणी उभारीत नाही, आणि उभारायचे म्हटले तरी कशाचे उभारणार? मास्तर बाकावर बसून म्हणाले, “म्हणजे पहिल्या रकान्यात शून्य मांडू का?” मी म्हटले, “मांडा. पण शून्यालाही किंमत असते हे तुम्हीच मुलांना शिकवता.”

तालकटोऱ्याहून पायी निघाले की अर्ध्या-पाऊण तासात गुरुद्वारा बंगला साहिब येतो. दिल्लीत फुकट काय मिळते असे मला कुणी विचारले तर मी ह्याच दारी पाठवीन. जोडे ठेवायला पैसे नाहीत, डोके झाकायला रुमाल तेच देतात, आणि लंगरात पंगतीला बसले की डाळ, रोटी, भाजी, खीर वाढली जाते. कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, हे कुणी पुसत नाही. रोटी घेताना मात्र दोन्ही हात पुढे करायचे. आमच्या शेजारी एका बाजूला सायकलरिक्षावाला आणि दुसऱ्या बाजूला कुठल्याशा परदेशची तरुण मुलगी होती. मास्तरांनी दोन वेळा खीर घेतली आणि नंतर उठून तासभर भांडी घासली. तिथे ज्याला वाटेल त्याला ती सेवा करता येते.

हा बंगला मुळात कुणाचा, हे ऐकून मराठी माणसाने चमकावे. तो मिर्झाराजा जयसिंगाचा. शिखांचे आठवे गुरू हरकिशन, वयाने अवघे बालक, १६६४ साली इथे उतरले होते. शहरात साथ होती, रोग्यांची सेवा करता करता ते स्वतःच देवीने आजारी झाले आणि त्याच साली दिल्लीतच गेले. ह्याच मिर्झाराजाने पुढल्या वर्षी पुरंदरला वेढा घातला आणि तेवीस किल्ल्यांचा तह शिवाजी महाराजांकडून करून घेतला. आपल्या इतिहासात तो पुरंदरचा जयसिंग आहे. इथे तो एका आजारी मुलाचा यजमान आहे.

पण मला सांगायचे आहे ते बघेलसिंगाबद्दल. १७८३ च्या मार्चमध्ये हा शीख सरदार आपली फौज घेऊन दिल्लीत शिरला. बेगम समरूच्या मध्यस्थीने शहाआलम बादशहाशी तडजोड झाली. बघेलसिंगाने मागितले ते हे: गुरूंच्या आठवणीच्या जागांवर गुरुद्वारे बांधण्याची परवानगी, आणि त्या खर्चासाठी शहराच्या जकातीतून रुपयामागे सहा आणे. सीसगंज, रकाबगंज, बंगला साहिब धरून सात ठिकाणे त्याने निश्चित करून बांधली आणि वर्ष संपण्यापूर्वी तो दिल्ली सोडून गेला. आजच्या इमारती अर्थात नंतरच्या आहेत. तथापि त्या जागा आज हजारो माणसांना रोज जेवू घालतात त्या त्याने राखल्या म्हणून.

बघेलसिंग एक वर्षही राहिला नाही. पुढच्याच वर्षी, १७८४ मध्ये, महादजी शिंद्यांनी पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद मिळवले आणि साम्राज्याचा सगळा कारभार मराठ्यांच्या हाती आला. मधला एक खंड सोडला तर तो १८०३ पर्यंत राहिला. ह्या काळात आम्ही दिल्लीत काय बांधले? एखादी धर्मशाळा? एखादे अन्नछत्र? अहिल्याबाईंनी काशीला, गयेला, सोमनाथला देवळे बांधली, घाट बांधले. त्या गावांत मराठ्यांचे नाव अजून दगडात आहे. दिल्लीत नाही. ह्याला कारण दानतीची कमतरता असे मी म्हणणार नाही. महादजींना ती वर्षे स्वस्थपणे मिळालीच नाहीत. राजपुतांकडून खंडणी येत नव्हती, पलटणींचे पगार थकले होते, पुण्याहून पैशाऐवजी तगादे येत होते. ज्याला दर महिन्याला फौजेच्या पगाराची विवंचना आहे तो माणूस इमारतीचा पाया खणीत नाही. पण कारण समजले म्हणून बोच जाते असे नाही.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो, आणि आम्ही त्या बाजूला गेलो तो सोमवारीच. तेव्हा मास्तरांचा नियम आपोआप पाळला गेला. तटाबाहेर उभे राहून मी त्यांना भाऊसाहेबांची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. खजिना रिकामा, फौज उपाशी, समोर अब्दाली. भाऊंनी दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवले, त्याची नाणी पाडली आणि पगार भागवला. सूरजमल जाटाने ह्याला विरोध केला, तो पुढे सोडून गेला, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. ह्या छताबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत. एक तर भाऊंचा कैवार घेऊन म्हणायचे की नादिरशहाने आधीच सगळे नेले होते, उरलेसुरले घेतले तर बिघडले कुठे. किंवा मग विषयच काढायचा नाही. मला दोन्ही पटत नाहीत. उपाशी शिपायाचा पगार हा खरा होता, आणि दुसऱ्याच्या घराचे छत हेही खरे होते. तिकीट काढून आत जाणाऱ्याला आज वर रंगवलेले लाकडी छत दिसते. मराठ्यांची दिल्लीतली सर्वांत ठळक खूण ही अशी, काढून नेलेल्या वस्तूची आहे.

मेहरौलीला मात्र प्रत्येकाने गेलेच पाहिजे. कुतुबमिनार बघायला गाड्या भरून माणसे येतात आणि तिथून थोड्याशा अंतरावर असलेल्या ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्याकडे न वळता परत जातात. ख्वाजासाहेब १२३५ साली वारले. दर्ग्याची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गुलाबाच्या पाकळ्यांची आणि चादरींची दुकाने. फुले घ्या म्हणून आग्रह होतो. न घेतली तरी कुणी रागावत नाही. दर्ग्याजवळच मोती मशिदीला लागून संगमरवरी जाळीचे एक छोटे आवार आहे. त्यात पहिला बहादूरशहा, दुसरा शहाआलम आणि दुसरा अकबरशहा ह्या बादशहांच्या कबरी आहेत. कबरींच्या मध्ये एक जागा रिकामी आहे. ती शेवटच्या बहादूरशहा जफरने स्वतःसाठी राखली होती. तो १८६२ मध्ये रंगूनला कैदेत मेला आणि तिथेच पुरला गेला.

ह्या आवारातला शहाआलम हा आपला बादशहा. १७७२ च्या जानेवारीत मराठ्यांनीच त्याला अलाहाबादेहून आणून दिल्लीच्या तख्तावर बसवले. १७८७ मध्ये लालसोटनंतर महादजींचा जम विसकटला आणि ते दूर असताना रोहिला गुलाम कादिर किल्ल्यात शिरला. लपवलेला खजिना सांग, म्हणून त्याने बादशहाचे हाल केले आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याचे डोळे काढले. मराठ्यांची फौज किल्ल्यात पोचली ती ऑक्टोबरात. दोन महिने उशिरा. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाचे मन अशा दोन महिन्यांत अडकून बसते. पुढे गुलाम कादिरला पकडून महादजींनी फार क्रूर रीतीने मारले. डोळे मात्र परत आले नाहीत. तरीही तो आंधळा म्हातारा कवितेत महादजींना आपला मुलगा म्हणतो.

त्या वेळी किल्ला सोडवणाऱ्या फौजेचा प्रमुख होता राणेखान. पानिपतावरून जखमी होऊन पडलेल्या तरुण महादजींना बैलावर घालून सुखरूप दक्षिणेत आणणारा भिस्ती तो हाच, असे सांगतात. महादजी त्याला भाऊ म्हणत आणि त्यांनी त्याला सेनापती केले. एका पखालवाल्याने मराठ्यांच्या वतीने मोगल बादशहा सोडवला, ही गोष्ट मी दरवर्षी सातवीच्या वर्गात सांगतो. परीक्षेत ती येत नाही, त्यामुळे मुले ती लक्ष देऊन ऐकतात.

मेहरौलीच्या दर्ग्याला आणखी एक आठवण आहे. फाळणीच्या दंग्यांत ह्या भागातले मुसलमान हुसकावले गेले आणि दर्ग्याची मोडतोड झाली. गांधीजींनी १३ जानेवारी १९४८ ला आपले अखेरचे उपोषण सुरू केले. ते सोडण्यासाठी ज्या अटी त्यांनी घातल्या त्यांत हा दर्गा मुसलमानांना मोकळा व्हावा आणि तिथला उरूस नेहमीसारखा भरावा ही एक होती. १८ तारखेला उपोषण सुटले. २७ तारखेला ते स्वतः उरुसाला इथे आले. त्यानंतर तीन दिवस ते जगले.

मग साहजिकच आम्ही तीस जानेवारी मार्गावर गेलो. तेव्हाचे बिर्ला भवन, आताची गांधी स्मृती. तिकीट नाही, सोमवारी बंद. इथे ते आयुष्याचे अखेरचे १४४ दिवस राहिले. खोलीत बैठक आहे, चरखा आहे. खोलीपासून बागेतल्या प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावले दगडात उठवून ठेवली आहेत. माणसे त्या पावलांच्या कडेने चालतात, त्यांवर पाय पडू देत नाहीत.

पावले जिथे संपतात तिथे आम्ही दोघे उभे होतो तेव्हा जवळच्या एका हिंदी गृहस्थाने आमचे बोलणे ऐकून विचारले, “आप लोग महाराष्ट्र से हैं?” मास्तर “जी हां” म्हणाले. त्याने सहज विचारले होते. त्याच्या मनात काही नव्हते. तो पुढे निघूनही गेला. आम्ही मात्र बराच वेळ काही बोललो नाही. पिस्तूल घेऊन आलेला नथुराम गोडसे पुण्याहून आला होता. मराठीतच शिकलेला, मराठीत वर्तमानपत्र चालवणारा. तालकटोऱ्यावर ज्याने आग आवरली त्याचा वारसा आपण मोठ्या हौसेने सांगतो. ही पावलेही मग आपल्याच खात्यावर धरली पाहिजेत, काही रकाने आपले आणि काही परके असे करता येत नाही. साने गुरुजींनी हे तेव्हाच ओळखले. मारणारा महाराष्ट्राचा, म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. तेही शाळामास्तर, आणि कादंबरी लिहिणारे. त्या बागेत मला त्यांची आठवण फार झाली.

बाकीच्या फुकट जागांबद्दल थोडक्यात सांगतो. लोदी बाग सुंदर आहे. सकाळी जावे, सुलतानांच्या कबरींभोवती दिल्लीचे लोक पळत असतात. राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ मध्ये झाले. तिथल्या भिंतींवर जवानांची नावे आहेत, त्यांत आपल्या गावाकडची आडनावे शोधत हिंडता येते. राजघाटाला सगळेच जातात. अग्रसेनाची बाव पाहण्यासारखी आहे, पण तिथे तरुण मंडळी पायऱ्यांवर छायाचित्रे काढण्यात इतकी गुंतलेली असतात की बाव दिसणे कठीण.

शेवटी उत्तरेकडच्या टेकडीवर गेलो. दिल्लीकर तिला रिज म्हणतात. विद्यापीठाच्या बाजूने चढले की माकडे, बाभळी आणि थंड सावली. १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्लीला वेढा दिला तो ह्या टेकडीवरून. त्यांनी १८६३ साली उभारलेले लाल दगडाचे उंच स्मारक अजून आहे. त्यावर शत्रूचा उल्लेख आहे. १९७२ मध्ये आपल्या सरकारने शेजारी दुसरा फलक लावून खुलासा केला की इथे ज्यांना शत्रू म्हटले आहे ते परकीय सत्तेविरुद्ध लढणारे देशभक्त होत. जुना लेख न खोडता शेजारी उत्तर लिहून ठेवायची ही रीत मला पसंत पडली.

थोडे पुढे अशोकाचा स्तंभ आहे. तो मूळचा मीरतचा; फिरोजशहा तुघलकाने १३५६ च्या सुमारास इथे आणून उभा केला. फर्रुखसियरच्या काळात दारूच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले, ते जोडून १८६७ मध्ये पुन्हा उभारला. सांधे स्पष्ट दिसतात.

आणि स्तंभासमोर हिंदूराव हॉस्पिटल. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. त्या लढाईचे स्मारक आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. त्याच महिन्यात लेक आंधळ्या शहाआलमपुढे उभा राहिला आणि मराठ्यांची दिल्ली संपली. पण एक मराठा राहायला आला तो त्यानंतर. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई ह्या कागलच्या सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. त्यांचा भाऊ हिंदूराव. राज्य नाही, फौज नाही, असा हा गृहस्थ दिल्लीत येऊन स्थायिक झाला. विल्यम फ्रेझर ह्या इंग्रज अधिकाऱ्याचे टेकडीवरचे घर, फ्रेझरचा १८३५ मध्ये खून झाल्यावर, त्याने विकत घेतले. दिल्लीच्या लोकांत तो मिसळला, आणि घराला त्याचे नाव पडले. १८५७ मध्ये तो हयात नव्हता. त्याचे घर हे इंग्रजांचे मुख्य ठाणे झाले. सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी ते तीन महिने राखले आणि ४९० पैकी ३२७ माणसे जखमी वा ठार करून घेतली. लढाईत घराची चाळण झाली, नाव मात्र टिकले. पुढे तिथे रुग्णालय झाले, ते आता महानगरपालिकेचे आहे. खाली शहरात सदर बाजाराच्या बाजूला बाडा हिंदूराव नावाची वस्तीच आहे; मराठी कानाला तो वाडाच ऐकू येतो.

आम्ही गेलो तेव्हा सकाळची दहाची वेळ होती. बाह्यरुग्ण विभागासमोर रांग लागली होती. रिक्षा एकामागून एक येत होत्या आणि उतरणारा प्रत्येक जण “हिंदूराव, हिंदूराव” म्हणत भाडे चुकते करीत होता. बिहारकडची एक बाई कडेवर तापाने फणफणलेले पोर घेऊन उभी होती. तिने मास्तरांपुढे आपली पर्ची धरली आणि कुठल्या खिडकीला जायचे म्हणून विचारले. मास्तरांनी चष्मा पुसून कागदाच्या माथ्यावरचे नाव वाचले, मग मला दाखवले, आणि तिला बरोबर घेऊन ते खिडकी शोधायला गेले.